कुंकवाची धार
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला लोह्याजवळचं धरण आठवतं. दिराने पर्यटकांसाठी जुनी मोटरबोट आणली होती. ती जड होऊन मागे पर्यटकांना फळीवर उभं राहून घसरता येईल इतकी उंच लाट उठावी म्हणून तिच्या तळाशी पाण्याने भरलेल्या रबरी पिशव्या होत्या, आणि त्यातलीच एक गळत होती. मी बोटीच्या पूजेसाठी मांडलेल्या ताटातलं कुंकू तिच्या पाण्यात कालवलं आणि लाल धार दिसली तिथे, गेलेल्या नवऱ्याच्या पंक्चरच्या दुकानात शिकले होते तसं, घासून ठिगळ चिकटवलं. गळती थांबली. मग सगळे नारळ फोडायला जमले, तेव्हा दीर हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्ही जरा मागं थांबा, शुभकार्य हाय." लाल बोटं पदराला पुसत मी मागे सरले. काल त्याचा फोन आला, "वहिनी, परत गळून राहिलंय, कुंकू घेऊन या की." मी म्हटलं, "भाऊजी, विधवेच्या घरात कुंकू कुठलं?"