कललेला धोंडा

भल्या पहाटे भागाबाई शेळीची धार काढायची आणि पहिलं दूध वाटीत धरून माळावर जायची. कुरुंदा गावाजवळच्या त्या माळावर धोंड्यांचं एक जुनं रिंगण होतं. त्यातल्या कललेल्या धोंड्याच्या बुडाशी ती दूध ओतायची. तिथं तिचं सव्वा महिन्याचं पोरगं पुरलेलं होतं. वाडीतल्या धनगरांची लेकरं गेली की तिथंच नेत. त्या धोंड्यावाचून जागेला दुसरी खूण नव्हती.

एकोणीसशे अडतीसच्या सुमारास हैदराबादहून निजाम सरकारचा एक साहेब आला. त्यानं रिंगण मोजलं, वाडी गोळा केली. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या या कबरी आहेत, म्हणाला; धोंडा हलवाल तर सजा होईल. लोक बिचकले. भागाबाईला मात्र त्या दिवशी भाकर गोड लागली.

"लेकराला सोबत हाय म्हना की," ती नवऱ्याला, मसाजीला म्हणाली. "आन् राखन सरकारची."

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकार येणार अशी आवई उठली. वाडीचं गावकूस जागोजाग ढासळलेलं, आणि जवळपास दगड एकाच ठिकाणी. पोलीस पाटील माणिकराव गाड्या घेऊन माळावर आले. निम्मं रिंगण निघालं तेव्हा भागाबाई कललेल्या धोंड्याला पाठ लावून बसली.

"सरक, भागे."

"सायबानं सजा सांगितली हाय, मालक."

"सायब आता सोताचीच कबर हुडकून राहिला आसंल!"

गाडीवाले हसले.

"मंग बाकीचे न्या. ह्यो एक ऱ्हाऊ द्या."

पहार घेतलेला ज्ञानबा, तिचा दीर, हलकेच म्हणाला, "वैनी, पल्याडच्या धोंड्याखाली माझी पोरगी हाय. त्यो म्याच काढला आत्ता."

भागाबाईनं मसाजीकडं पाहिलं. तो बैलांच्या जुवाशी उगीच खटपट करत होता. घरात सून, सिंधूबाई, पोटुशी होती. गावकूस उघडं राहिलं तर तिला कुठं लपवायचं, ही काळजी भागाबाईनंच बोलून दाखवली होती. ती उठून बाजूला झाली.

वाडीकडं रझाकार आलेच नाहीत. भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं. तोवर पावसानं माळावरचे खड्डे बुजले होते, गवत गुडघ्याला लागत होतं. भागाबाईनं जागा पुष्कळ शोधली. इथं वाटायचं, मग तिथं वाटायचं.

थंडीत तिनं तापानं अंथरूण धरलं, ते पुन्हा सोडलं नाही. त्या आजारपणात एका सकाळी सून मेंढरं घेऊन निघाली, तेव्हा ती आतून म्हणाली, "सिंधे, माळावरून न्हेऊ नगं. लांब पडलं तरी वढ्याकडनं जा."