आई, मावशी आणि एक म्हैस
मैत्रिणींनो, आज मला एका परक्या बाईचा हेवा वाटला, आणि मी तो लपवणार नाही.

आईचा कॅन्सर आता बरा होणारा नाही, म्हणून तीन आठवड्यांपासून ती हॉस्पिसमध्ये आहे. तिथे फक्त वेदना कमी करतात. मी वाकडहून रोज जाते. माझ्याशी ती "हो", "नको", "बरं" एवढंच बोलते.

आज दाराबाहेर चपला काढताना आतून तिचं खळखळून हसणं ऐकू आलं. तिथल्या सेविका, निघोजे गावच्या सुनंदामावशी, तिचे पाय चोळत होत्या.

"आजी, म्हस लाथा मारायची व्हय?"

"मला दोनदा पाडलं हाय तिनं!"

आईची ही म्हैस मला माझ्या पासष्ट वर्षांत माहीत नव्हती! मी आत गेले आणि आई गप्प झाली.

"पेशंटला बोलून दमवू नका," मी मावशींना फटकारलं.

"ताई, त्याच बोलत्यात. मी नुसती ऐकतीया."

तेव्हा आठवलं. कॉन्व्हेंटमधून घरी आल्यावर "व्हय नाही, हो म्हण" असं आईला मीच सुनावायचे. मैत्रिणींसमोर तिची लाज वाटायची. तिने माझ्यापुढे बोलणंच आखडतं घेतलं.

मी खुर्ची ओढली. "आये, म्हस कसल्या रंगाची व्हती?" माझी जीभ अडखळली.

आईने मला नीट न्याहाळलं. "'होती' म्हन. आन् म्हस काळीच आसती, तुज्या साळंत शिकवलं न्हाई व्हय?"

हेवा अजून गेलेला नाही. उद्या मावशींच्या आधी पोचून पाय मीच चोळणार आहे. तुम्ही घरात कुणाचं बोलणं असं बंद पाडलंत?