विहिरीवरची वायर

नातीच्या विजेवरच्या गाडीची बॅटरी वडूजजवळ संपली. तिकडे पलूसला माझी बहीण शेवटच्या घटका मोजत होती. रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्यानं विहिरीची मोटर बंद करून तिथली वायर गाडीला जोडून दिली, कारण दोन्ही एकदम चालेनात. शेतीची लाइट बारालाच जाणार होती.

"कांदा वाळंल की तुमचा," मी म्हटलं.

"आवं आजी, कांदा फुडल्या साली बी लावता येतुय. तुमी पोचा."

तरुणपणी शेजारणीनं घटकाभर जास्त पाणी घेतलं, तर मी खोरं घेऊन तिच्या अंगावर धावले होते. मोठी शूर बाई मी.

बाराला लाइट गेली. निघताना मी हात केला, पण त्याचं लक्ष नव्हतं. उकिडवा बसून तो वाफ्यात बोट खुपसून ओल शोधत होता.