जित्यांचं घर

आमच्या शाळेत सगळ्यांत जास्त दरारा कुणाचा असं विचारलं, तर हेडमास्तरांचं नाव कुणी घ्यायचं नाही. दरारा होता बातमा एजेचा. ती गणित शिकवायची नाही की भूगोल शिकवायची नाही. ती कोट सांभाळायची. नारीन नदीच्या वरच्या अंगाला आमचं गाव, इथे हिवाळ्यात मिशीवर बर्फ धरतो. अशा ठिकाणी सगळ्या पोरांचे कोट, टोप्या आणि बूट जिच्या ताब्यात, तिच्या ताब्यात शाळा. सकाळी खिडकीच्या फळीवरून कोट आत, दुपारी फळीवरून बाहेर. एखाद्या पोराचं बटण तुटलेलं दिसलं, की दुसऱ्या दिवशी त्याच्या आईची भर रस्त्यात हजेरी. मी शाळेचा बॉयलर चालवतो, माझं नाव आशिम. मलाही ती "पाय झटकून ये" म्हणून दारातून परत पाठवायची आणि मी मुकाट्यानं जायचो. वयानं थोरली म्हणून सगळे तिला एजे म्हणायचे. निम्मे जण भीतीनं म्हणायचे.

आमच्याकडची जमीन अधूनमधून हलते. म्हणून जिल्ह्याहून एक साहेब भूकंपाचा सराव घ्यायला यायचा. घंटा लांबलचक वाजली की आधी बाकाखाली, मग रांगेनं जिना उतरून पटांगणात. कोट घ्यायचा नाही, बूट बदलायचे नाहीत. हे भिंतीवर रंगवलेलं होतं, मास्तरांना पाठ होतं, पोरांनाही पाठ होतं. पण आमच्यातल्या पोराला बोलता येण्याआधी एक गोष्ट शिकवलेली असते, की कोट घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आमच्या आयांना भूकंपापेक्षा सर्दीची धास्ती जास्त. त्यामुळे त्या वर्षीच्या सरावाला रांगा कशा शिस्तीत खाली आल्या, आणि खाली आल्यावर थेट बातमा एजेच्या खिडकीवर जाऊन कोसळल्या. मागचे पुढच्यांना रेटत होते, मोठी पोरं लहानांच्या डोक्यावरून हात लांब करत होती. दोन मास्तरही आपापले कोट मागत होते, लाज सोडून. सगळ्यात पुढे होती पहिलीतली आयजान. तिचा गाल फळीवर दाबला गेला होता आणि तिला ओरडताही येत नव्हतं.

बातमा एजे भराभर कोट देत होती. तिचं लक्ष त्या गालाकडे गेलं. हातातला कोट तिनं खाली टाकला, पोरीला काखेत धरून फळीवरून आत ओढलं आणि खिडकी धाडकन लावून घेतली.

साहेब सगळ्यांवर तोंडसुख घेऊन गेला. एजे माझ्या बॉयलरपाशी येऊन बसली. मी चहा पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

"भूकंप नाही मारणार पोरांना, आशिम," ती म्हणाली. "माझी फळी मारणार."

पुढच्या सरावाला घंटा वाजल्याबरोबर तिनं खिडकी लावली आणि आतून कडी घातली. पोरं क्षणभर बावचळली, दारावर थापा मारून पाहिल्या, मग गेली बाहेर, आहेत त्या कपड्यांत, पातळ बुटांनी बर्फ तुडवत. साहेब खूश झाला. गाव मात्र पेटलं. दुसऱ्या दिवशी आयजानला ताप भरला आणि तिची आई मीरगुल शाळेत येऊन थडकली. मीरगुल गावाला नान भाजून देते. तिची जीभ तिच्या तंदूरपेक्षा तापलेली, हे मी तिच्या तोंडावरही सांगतो.

"माझी पोर तापानं फणफणलीय, एजे. तुमच्या त्या कडीमुळे."

"ताप उतरेल. पोर जागेवर आहे ना?"

"आणि उद्या खरंच हादरलं तर? शाळेत परत जाता येणार नाही, घरं धड आहेत की नाहीत माहीत नाही. कडाक्याच्या थंडीत पोरं तासन्‌तास पटांगणात उभी. तेव्हा काय, तुम्ही फुंकर घालून ऊब देणार?"

यावर बातमा एजेनं पुसलेलीच फळी पुन्हा पुसायला घेतली. खरं सांगायचं तर मला ते बघवलं नाही. मीरगुल बोलली ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पुढे कित्येक दिवस एजे कुणावर ओरडली नाही. पोरं बिचारी घाबरून गेली.

मग एका रविवारी तिनं तिच्या भावाला ट्रक घेऊन बोलावलं आणि स्वतःचं बोझ-उय शाळेच्या पटांगणात आणून उभं केलं. बोझ-उय म्हणजे आमचं नमद्याचं, दाबलेल्या जाड लोकरीचं, तंबूसारखं गोल घर. हे तिच्या आईनं तिच्या लग्नात दिलेलं, आतले विणलेले पट्टे आईच्या हातचे. एरवी उन्हाळ्यात कुरणावर जायचं आणि हिवाळाभर कोठीत गुंडाळून पडायचं. तिनं मधोमध चूल मांडली, बाजूनं गाद्या आणि गोधड्या रचल्या. मला हुकूम सुटला, की रोज सकाळी चुलीत लाकूड नि गोवऱ्या रचून ठेवायच्या, नुसती काडी ओढायची बाकी ठेवायची. मी विचारलं, याचा पगार कोण देणार. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गोवऱ्या आणायला गेलो.

सोमवारी सकाळी गावाबाहेरचे एक म्हातारबा घोड्यावरून चालले होते. ते पटांगणाशी थबकले, घोड्यावरून उतरले, काठी टेकत, मोठ्यानं आक्रोश करत फाटकातून आत आले. आमच्यात हिवाळ्यात अंगणात नमद्याचं घर उभं राहिलं, की समजायचं, माणूस गेलं. मयत त्यात ठेवतात, बायका आत रडतात, घरचे पुरुष बाहेर काठी टेकून उभे राहतात, आणि येणारा पुरुष लांबूनच रडत येतो. कोण गेलं हे म्हातारबांना ठाऊक नव्हतं, पण रीत ती रीत. बातमा एजे चहाचा वाडगा घेऊन बाहेर आली. तिनं सांगितलं, की कुणी गेलेलं नाही, सगळे ठणठणीत आहेत, चहा गरम आहे. म्हातारबांनी डोळे पुसले, चहा प्याले आणि असली थट्टा जन्मात पाहिली नाही असं म्हणत निघून गेले. खिडक्यांतून सगळी शाळा हे बघत होती. मी हसलो, पण दुसऱ्या दिवशी गोवऱ्या रचून तिथून पटकन बाहेर पडलो.

त्याच आठवड्यात पालक जमले. सगळ्यात मोठ्या वर्गात बसायला जागा उरली नाही. हेडमास्तर एसेन अगाय, अगाय म्हणजे गुरुजी, माणूस सज्जन, पण आयांपुढे त्यांची मान आपोआप खाली जाते. ते काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तोवर मीरगुल उठली.

"हिवाळ्यात हे घर कशाला उभारतात ते मी सांगू का, एजे? पोरांच्या डोळ्यांसमोर मरण आणून ठेवलंत तुम्ही. तुमच्या नवऱ्याला ठेवलं होतं ह्यात. आम्ही सगळे आलो होतो रडायला."

वर्गात सगळे खाली बघायला लागले. बातमा एजे भिंतीला टेकून उभी होती, ती सरळ झाली.

"आला होतात. त्याला ठेवलं होतं, आणि तो शेवटचा. यापुढे ह्या घरात मेलेलं माणूस जाणार नाही. हे जित्यांचं घर आहे. तुला शब्द देते, मीरगुल."

"आणि तुम्ही गेल्यावर?"

हे विचारायला नको होतं. मीरगुललाही ते कळलं असावं, कारण तिनं पटकन ओठ आवळले. आमच्यात स्वतःचं बोझ-उय असलेल्या बाईला त्यातून शेवटचं नेलं नाही, तर तिच्या मुलांना गावात मान वर करता येत नाही.

"मीही नाही," बातमा एजे म्हणाली.

एसेन अगाय म्हणाले, तरीही लोकांच्या भावना आहेत, घर उतरवलेलं बरं. ती म्हणाली, उतरवा, खुशाल उतरवा. मग मी खिडकी उघडी ठेवते, आणि घंटा वाजली की फळीपाशी तुम्ही स्वतः उभे राहा. अगायांनी खिशातला रुमाल काढला, पुन्हा खिशात ठेवला आणि वसंतापर्यंत बघू म्हणाले. लोक चिडूनच घरी गेले. पुढे महिनाभर आया पोरांना त्या घराच्या बाजूनं जाऊ द्यायच्या नाहीत, लांबून वळसा घालून फाटकात न्यायच्या. एजे रोज तिथली राख काढायची, गोधड्या झटकायची आणि त्या आयांकडे बघून मुद्दाम मोठ्यानं गाणं म्हणायची. आवाज भयंकर होता.

वसंताआधीच जमीन हलली. सकाळचे वर्ग चालू होते. बॉयलरचं लोखंडी दार आपोआप खडखडायला लागलं आणि माझ्या पायाखालून काहीतरी सरकत गेलं. मी बाहेर धावलो तो थेट नमद्याच्या घरात, आणि काडी ओढली. शाळेची घंटा वाजत होती. मला आतून ते एकच धाडकन ऐकू आलं, खिडकी लागल्याचं. पोरं बाहेर आली, स्वेटरवर, शाळेच्या बुटांवर, धापा टाकत, आणि आपल्या पायांनी चालत आली. लहानगी आत कोंबली, मोठ्यांना गोधड्या पांघरायला दिल्या आणि पाळीपाळीनं चुलीशी बसवलं. सगळ्यांत शेवटी बातमा एजे आली, तीही कोटाविना. मी माझा कोट पुढे केला तर म्हणाली, आधी नियम वाच.

शाळा उभी राहिली. फक्त कोटांच्या खोलीसमोर, बरोबर त्या फळीच्या पुढे, छताचा गिलावा कोसळून हातभर उंच ढीग पडला होता. तो बघून एसेन अगाय तिथेच जमिनीवर बसले.

मीरगुल घरून धावत आली, हातात पोरीची शाल. आयजान चुलीशी बसून बोरसोक, तळलेले पिठाचे गोळे, खात होती, दोन्ही गाल तुपकट. मीरगुलनं तिला चाचपून पाहिलं, मग एजेकडे पाहिलं. आभार मानेल तर ती मीरगुल कसली.

"चूल धुरावतेय तुमची," ती म्हणाली.

"मग उद्या येऊन नीट कर."

आणि ती आली. त्यानंतर दर हिवाळ्यात यायची, नान घेऊन, भांडायला काहीतरी विषय घेऊन. उन्हाळ्यात ते घर कुरणावर जायचं आणि पहिल्या बर्फाआधी शाळेत परत. पोरांना त्याचं काही वाटेनासं झालं. त्यात मधल्या सुट्टीत पत्ते खेळायची, आणि एजे त्यांना हाकलायची.

बातमा एजे गेली ती ऐन हिवाळ्यात, झोपेतच. तिचा मुलगा तालाय रशियात कामाला असतो. तो धावतपळत आला आणि दुपारी ट्रक घेऊन शाळेच्या पटांगणात उभा राहिला. मी बोझ-उयच्या दोऱ्यांपाशीच होतो, पण त्याला अडवू कसा? त्याचं काय चुकत होतं? आई घरात पडलीय, आईचं बोझ-उय इथे उभं आहे, आणि संध्याकाळपासून लोक रडायला येणार. मोकळ्या अंगणात तो कुठल्या तोंडानं उभा राहणार होता?

बोझ-उयच्या दारात मीरगुल उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे, डोळे सुजलेले.

"हात लावू नकोस, तालाय."

"मीरगुल एजे, बाजूला व्हा. लोक काय म्हणतील मला?"

"म्हणू देत. तुझ्या आईनं मला शब्द दिलाय. तो मी मोडू देणार नाही, तुलाही आणि तिलाही."

तालायनं टोपी काढली. मग वाकून आत गेला. आजीनं विणलेल्या पट्ट्यावरून त्यानं बोटं फिरवली, रचलेल्या गोधड्यांकडे पाहिलं. त्याचे खांदे हलायला लागले.

"इथे नाही," मीरगुल म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हळू होता. "इथे कुणी रडायचं नाही, बाळा. बाहेर जाऊन रड."

तो बाहेर आला. ट्रकला टेकून तो मोठ्यानं रडला, जसं मुलानं आईसाठी रडायला हवं तसं. मीरगुल त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मग रिकामा ट्रक घेऊन आम्ही सगळे एजेच्या घरी गेलो आणि मोकळ्या अंगणात, बर्फात, काठ्या टेकून उभे राहिलो. येणाऱ्या कुणीही बोझ-उय कुठे म्हणून विचारलं नाही.

निघण्याआधी मी आत जाऊन चुलीत गोवऱ्या रचून आलो होतो. दुसऱ्या दिवशी शाळा होती.