विसराळूचा पासवर्ड

नऊ वर्षांपूर्वी साहेबांनी भर ऑफिसात तिला ‘विसराळू’ म्हटलं आणि ते नाव तिला जे चिकटलं ते चिकटलंच.

तेव्हा ती घरोघरी राउटर बसवायची. एका घराला बारा मिनिटं, असा साहेबांचा हुकूम. राउटरबरोबर आलेला पासवर्ड बदलायचा तर आणखी पाच मिनिटं जायची. “राहू दे तसाच. लोक नवा विसरतात आणि फोन करून आपलं डोकं खातात,” साहेब म्हणाले होते. तोंडी कारभार, कागदावर काही नाही. पुढे एका घरचा राउटर कोणीतरी बाहेरून ताब्यात घेतला, तक्रार वर गेली, आणि साहेबांनी खुशाल हात झटकले: बाई बदलायला विसरली. नोकरी गेली. आईसुद्धा म्हणाली, “विसरली असशील गं, होतं असं.” नोकरीपेक्षा हे जास्त झोंबलं.

मग तिने राउटर तपासायचाच धंदा धरला. घरात शिरली की आधी राउटर उलटा करायचा, खालच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड मालकाच्या डोळ्यांदेखत टाकून बघायचा. दहातल्या सहा घरांत तो चालतो. मालक ओशाळं हसतात. ती हसत नाही.

मागच्या महिन्यात एका घरच्या सुनेचा फोन आला. बाळाच्या खोलीतला कॅमेरा म्हणे आपोआप वळतो. पत्ता ऐकला आणि तिला घर कळलं. त्या दिवशी तिने शर्टाला दोनदा इस्त्री केली.

दार साहेबांनीच उघडलं. त्यांनी तिला ओळखलं नाही. विसराळू कोण, ते उंबऱ्यातच ठरलं.

तिने राउटर उलटा केला. चिठ्ठीवरचा पासवर्ड चालला. बाहेरून सेटिंग बदलायची सोयही सताड उघडी होती.

“कोणी बसवला हा?”

“मीच,” साहेब म्हणाले. “पासवर्ड मुद्दामच तसा ठेवला. लोक नवा विसर...” आणि तिच्या तोंडाकडे बघून ते थांबले.

तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण सूड म्हणून काम कच्चं ठेवणं तिच्या हाताला ठाऊक नव्हतं, आणि बाळाने तिचं काय घोडं मारलं होतं? बाहेरची वाट तिने बंद केली, कॅमेऱ्याला वेगळा पासवर्ड दिला आणि शेवटी वाय-फायकडे वळली.

“लांब वाक्य ठेवू या, फुटायला अवघड,” ती सुनेला म्हणाली. “इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून लिहा. ती विसरली नव्हती.”

सुनेने मोबाइलवर लिहून घेतलं. “ती म्हणजे कोण हो?”

“सासऱ्यांना विचारा.”

साहेबांनी घसा खाकरला. “बाई, दुसरं काहीतरी ठेवा ना.”

“ठेवते की. हे का नको, तेवढं आधी यांना सांगा.”

सून सासऱ्यांकडे बघत राहिली. साहेबांनी राउटरची वायर उगाच सरळ केली.

“राहू दे हाच,” सून म्हणाली. “चांगला लक्षात राहील.”

आता त्या घरी कोणी पाहुणा आला की साहेबांकडे वाय-फायचा पासवर्ड मागतो, आणि साहेबांना तो स्वतःच्या तोंडाने सांगावा लागतो.