आईच्या पलंगावरची दुप्पट टाकी

आज दुपारी घरी जे झालं, ते इथे लिहिते आहे.

प्रताप नगरातल्या आमच्या घरी यंदा दोन कूलर झाले. पाणी पुरेना. दादाने गच्चीवरची सिमेंटची टाकी पाडून दुप्पट मोठी बांधून घेतली. आज ती पहिल्यांदाच भरत होती. बरोबर तिच्याखाली आईचा पलंग आहे.

मी वर गेले तेव्हा टाकी फारच मोठी वाटली.

"दादा, मापं काय दिलीस?"

"जुनी लांबीला, रुंदीला, उंचीला एक-एक मीटर होती. ही दोन-दोन-दोन. झाली ना दुप्पट!"

मी पंप बंद केला.

"काहून बंद केला वं? पागल झाली का?"

मी खालून संत्रा बर्फीचा डबा आणला. एक चौकोनी वडी ठेवली. शेजारी तिच्या दुप्पट लांब, रुंद आणि उंच ठोकळा रचला. खाली चार वड्या लागल्या, वर चार.

दादा हसत होता. मग थांबला.

"आठ?"

"आठ. आधी एक टन पाणी होतं. आता भरली की आठ टन."

त्याने शिडीवर चढून टाकीत वाकून पाहिले. पाणी अर्ध्याच्या वर आले होते. त्याने घाईने उतरून टाकीच्या तळाची तोटी सोडली.

मी आईकडे पळाले. ती पलंगावर पडूनच छताकडे बोट दाखवत होती.

"हे रेघ सकाळी नव्हती वं. कुठून आली?"

तुमच्या टाकीखाली कोण झोपतं?