टिकल्यांचा तलाव

सौंदडच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर छोटेलाल पटले कंडक्टरचं घर आहे. आमचं घर त्याच्या समोर. त्यामुळे त्याच्या बैठकीतल्या भिंतीबद्दल गाव जे जे बरळलं ते सगळं माझ्या कानांवरून गेलं आहे, आणि त्यातलं शहाणपणाचं एकही वाक्य मला आठवत नाही.

छोटेलाल पोवाराघरचा धाकटा पोरगा. थोरला ईश्वरदास धानाच्या व्यापारात शिरला, गोंदियाला गेला आणि तिथे पोट व आवाज दोन्ही वाढवून बसला. छोटेलाल एसटीत लागला. अर्जुनी मोरगाव, देवरी, चिचगड असा त्याचा पट्टा. स्वभावानं इतका मऊ, की गाडीत बोकड घेऊन चढणाऱ्यालाही तो 'खाली उतर' म्हणायचा नाही; 'बोकडाले जरा समजावून सांगा ना बाप्पा,' एवढंच म्हणायचा.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. त्याची बायको शामकला एका लग्नाला गोंदियाला भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, घरी जाऊन आली आणि आल्याबरोबर आपल्या बैठकीतल्या उघड्या भिंतीकडे पाहून कुरकुरायला लागली. मोठ्या जावेच्या, राजकुमारीबाईच्या भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं भलंमोठं चित्र होतं. आपल्या भिंतीवर ओल आणि एक खिळा.

"भिताडाले काहीतरी लावा ना," ती म्हणाली.

छोटेलालनं ते मनावर घेतलं. पण दुकानात जाईल तो छोटेलाल कसला! एसटीचं तिकीट तेव्हा रंगीत कागदाचं असायचं. कंडक्टर त्याला पंच मारायचा आणि मारला की एक इवलीशी गोल टिकली खाली पडायची. प्रवाशांच्या मांडीवर, पायाखाली, कोंबड्यांच्या टोपल्यात. एवढी वर्षं ती धुळीत जात होती. छोटेलालनं जुन्या छत्रीच्या कापडाची एक बोटभर थैली शिवली आणि पंचाच्या तोंडाखाली बांधली. संध्याकाळी घरी आला की थैली ताटात उलटी करायचा आणि रंगारंगाच्या ढिगल्या लावायचा. भिंतीला सिमेंटच्या पोत्यांचा खाकी कागद चिकटवला, शामकलेकडून भाताची घट्ट पेज करून घेतली, आणि काडेपेटीतल्या काडीनं एकेक टिकली उचलून तो लावायला बसला.

शामकलेनं कपाळावर हात मारला. "मी भिताडाले काही आणा म्हटलं, तर तुमी गाडीतला केर घरी आणून राहिले! जगातली बाई केर बाहेर टाकते, आन माझा माणूस केर घरात आणते."

"पाहजो तू," छोटेलाल म्हणाला. "तलाव होईन."

आणि तलाव झाला. एका दिवसात नाही, एका वर्षातही नाही. ड्युटी संपवून यायचा, पाय धुवायचा आणि भिंतीपुढे मोढ्यावर बसायचा. हळूहळू पाणी पसरलं, काठाची पाळ उभी राहिली, पाळीवर मोहाची झाडं आली, पलीकडे जंगल आलं, आणि एका कोपऱ्यातून लाल एसटी वळण घेताना दिसू लागली. फक्त रंगांची जरा गंमत होती. त्याच्या गाडीत गुलाबी तिकिटं सगळ्यांत जास्त खपायची आणि त्याखालोखाल पिवळी, कारण जंगलातला माणूस या गावाहून त्या गावाला जातो, फार लांब जात नाही. लांब पल्ल्याचं तिकीट हिरवं, ते आठवड्यातून एखादं फाटायचं. म्हणून त्याचं जंगल गुलाबी झालं आणि पाणी पिवळं. साठवलेल्या सगळ्या हिरव्या टिकल्या त्यानं पाळीखालच्या भाताच्या एका बांधीत लावल्या. तिथे धानाचे पऱ्हे होते, लावणीआधीची कोवळी रोपं, आणि पऱ्हे दुसऱ्या कोणत्याही रंगाचे करायला त्याचं मन धजेना.

ते फार सुंदर होतं असं माझं म्हणणं नाही. त्याचे बगळे बदकांसारखे दिसायचे आणि बदकं कशासारखीच दिसायची नाहीत. पण दुपारी दारातून ऊन आलं की त्या पिवळ्या पाण्यावर काहीतरी हलायचं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

गावानं मात्र पाहिलं ते वेगळंच. "झाड गुलाबी असते काय गा?" असं विचारून लोक खो खो हसायचे. विचारणारे कोण? ज्यांच्या घरी एकाच खिळ्यावर पाच वर्षांची खतं-बियाण्यांची कॅलेंडरं टांगलेली, ते. ज्यांनी टीव्हीवर प्लास्टिकची फुलदाणी ठेवली आणि फुलं मळतील म्हणून तिच्यावर पन्नी चढवली, ते. शालीकराम नावाचे एक निवृत्त तलाठी आमच्या आळीत होते, ते येऊन भिंतीला बोट लावून म्हणाले, "यापेक्षा एखादा देव काढला असता तर पुण्य तरी लागलं असतं." छोटेलाल त्यांना चहा द्यायचा. मी असतो तर दिला नसता.

शामकला सगळ्यांत पुढे. पेजेला झुरळं लागायची आणि ती चपलेनं मारता मारता बोलायची, "तुमचा तलाव झुरळं पिऊन राहिले, पाहा." शेजारणी आल्या की त्यांच्यादेखत म्हणायची, "कचरा हाय व बाई, कचरा. माझ्या नशिबी कचराच." पण पोचाऱ्याचं फडकं त्या भिंतीच्या जवळून कोणी फिरवलं तर तीच खेकसायची.

ईश्वरदासचा नवा बंगला पुढे दोन-चार वर्षांत झाला. आम्ही वास्तूला गेलो होतो. छतातून लाइट, लाइटातून प्लास्टिकची द्राक्षं, नव्या भिंतीवरही चिकटवलेला बर्फाचा डोंगर, काचेच्या पेटीत पोहणारे बिनजिवाचे मासे, आणि सोफ्यावर कंपनीचा कागद तसाच. बसलं की करकर वाजायचं. ईश्वरदास प्रत्येक वस्तूवर हात ठेवून ती कुठल्या शहरातून आणली ते सांगत होता. घरात सगळं काही होतं. त्या घरातल्या माणसांनी केलेलं मात्र काहीही नव्हतं. धाकट्या भावाला त्यानं सर्वांसमोर म्हटलं, "पाहून घे छोटेलाल, याले सजावट म्हणते. तू घरी कचरा डकवून राहिला."

छोटेलाल म्हणाला, "छान हाय दादा." खरंच मनापासून म्हणाला. या माणसाला कोणाचा राग कसा येत नाही, याचाच मला राग यायचा.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात त्याची मुलगी चंचल हिला पाहायला पाहुणे यायचे ठरले. स्थळ ईश्वरदासनं आणलेलं. मुलगा लोकेंद्र, गोंदियात मोबाइलचं दुकान. बाप मुन्नालाल, ईश्वरदासचा व्यापारातला दोस्त. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी छोटेलाल चिचगडच्या मुक्कामी गाडीवर गेला होता. तो गेला आणि ईश्वरदास रंगाचे डबे व एक पेंटर घेऊन जीपमधून उतरला.

शामकला स्वयंपाकघराच्या दाराआड पदर ओढून उभी राहिली. आमच्याकडे सून भासऱ्याशी तोंडानं बोलत नाही. बोलायचंच असेल तर पोरांच्या मार्फत. "चंचल," ती आतून म्हणाली, "मोठेबाबाले सांग, तुझे बाबूजी येतपर्यंत थांबा म्हणा."

ईश्वरदासही चंचलकडेच तोंड करून बोलला, "तुझ्या मायले सांग, उद्या पाहुणे येऊन राहिले. त्यायले काय गुलाबी झाडाखाली बसवाचं हाय?"

पेंटर बिचारा म्हणाला, "साहेब, पयले खरडावं लागते. कागद हाय खाली."

"खरडत बसाले टाइम कोणाले हाय? वरतूनच मार."

आणि त्यानं वरूनच मारला. पिस्त्याच्या रंगाचे दोन हात. तलाव गेला, पाळ गेली, बगळे गेले, एसटी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटेलाल आला. तिकिटांची पेटी काखेत, थैली भरलेली. दारातच थांबला. मी आमच्या ओट्यावरून पाहत होतो. त्यानं पेटी खाली ठेवली, भिंतीजवळ गेला आणि तळहात टेकवला. ओल्या रंगाखाली टिकल्या बोटांना लागत होत्या. हात सरकवत सरकवत तो एका जागी थांबला. तिथे पऱ्हे होते. मग त्यानं हात पुसला आणि म्हणाला, "आंघोळीले पाणी तापलं काय?"

पाहुणे दुपारी आले. शेजारी म्हणून मीही बैठकीत होतो. उकडत होतं म्हणून ईश्वरदासनं मोठ्या दिमाखात पंखा पाचवर केला. आता, पेजेवर चिकटवलेला कागद, त्यावर पाण्याचा रंग, त्यावर पाचवरचा पंखा. काय होणार ते कोणत्याही गाढवाला कळलं असतं, पण तिथे व्यापारी बसले होते. आधी भिंत फुगली. मग एक टिकली सुटली. मग दहा. वरून पिस्ता, खालून गुलाबी, भिरभिरत त्या मुन्नालालच्या बायकोच्या रेशमी पदरावर, केसांत, पोह्यांच्या बशीत उतरायला लागल्या.

मुन्नालालनं चहात पडलेली टिकली बोटानं काढली. "अरे, ये क्या गिर रहा है भाई?"

"नया रंग है, साहब," ईश्वरदास म्हणाला. "इम्पोर्टेड."

तेवढ्यात भिंतीवरून परातीएवढा रंगाचा पापुद्रा सुटून लोंबला आणि त्याच्या फाटलेल्या कडेशी एक बगळा अर्धाच उभा राहिला. देवीच्या रोग्याजवळून उठावं तसा मुन्नालाल खुर्ची मागे सरकवून उठला. "आपकी दीवार को चेचक हुई है क्या?"

चंचल त्याच वेळी पाण्याचे गिलास घेऊन आत आली होती. तिनं भिंतीकडे पाहिलं, मोठेबाबांच्या टकलावर बसलेल्या गुलाबी टिकल्यांकडे पाहिलं, आणि ती हसली. पदरात तोंड लपवून नाही, मोकळी हसली. ट्रेमधले गिलास किणकिणले. लोकेंद्रही हसणार होता, पण त्यानं बापाकडे पाहिलं आणि हसू गिळलं. असला जावई न मिळाल्याबद्दल मी पुढे मारुतीला नारळ फोडला.

दोन दिवसांनी नकार आला. कारण दिलं होतं : मुलगी हसते. हसणारी सून घरात आली तर ती कशाकशावर हसेल, याचा त्यांनी नीट विचार केला असावा. त्यांचं चुकलं नाही.

निरोप घेऊन ईश्वरदास स्वतःच आला, आणि रस्त्यापासूनच ओरडत आला. अर्धी आळी दारात उभी राहिली. छोटेलाल खाली मान घालून मोढ्यावर बसला होता. त्याच्यापुढे उभं राहून ईश्वरदास म्हणाला, "खानदानाचं नाक कापलं तुनं! तिकिटाचा कचरा जमवणारा कचरेवाला! तुझ्या कचऱ्यापायी पोरीचं लगन मोडलं."

स्वयंपाकघराच्या दारातून शामकला बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण तोंड भासऱ्याकडे होतं.

"कचरा म्हणाचा हक माझा हाय," ती म्हणाली. "मी म्हणन. झुरळं मी मारली, पेज मी शिजवली. तुमी कोण म्हणणारे? माझ्या घरी मले न विचारता रंग मारणारे तुमी कोण?"

ईश्वरदास दोन पावलं मागे सरकला. त्यानं चंचलकडे पाहिलं. "तुझी माय माझ्यासंगं बोलून राहिली काय?"

"हो मोठेबाबा," चंचल म्हणाली. "तुमच्याचसंगं."

"इतके दिवस पोरीच्या तोंडून बोलली," शामकला पुढे म्हणाली, "म्हणून तुमाले वाटलं का मले तोंडच नाही. माझा माणूस कोणाच्या घरी जाऊन कोणाचे प्लास्टिकचे अंगूर तोडत नाही. जा आता. पोरीचं आमी पाहू."

तो गेला. आळी बराच वेळ दारातच होती. फुकटचा तमाशा संपला की आमच्या लोकांना मोठी हुरहुर लागते.

त्या संध्याकाळी शामकला उलथनं घेऊन भिंत खरवडायला बसली. छोटेलाल म्हणाला, "राहू दे." ती म्हणाली, "पिस्ता मले आवडत नाही." सगळं खरवडून झाल्यावर तिनं सुपात केर भरला आणि बाहेर टाकण्याऐवजी अंगणात उन्हात ठेवून त्यातल्या धड टिकल्या निवडायला घेतल्या. निवडताना तोंड चालूच होतं. "आन आता झाड हिरवं कराचं. लोकायले हसाले काऊन मोका द्यावा?"

झाड हिरवं झालं नाही. भिंतीवर अर्धी पाळ उभी राहीपर्यंत एसटीत तिकिटाची मशीन आली. बटण दाबलं की पांढरी पट्टी बाहेर. पंच नाही, टिकली नाही. पहिल्या दिवशी छोटेलाल घरी आला तेव्हा रिकामी थैली त्यानं सवयीनं ताटात उलटी केली. पुढे तो रिटायर होईपर्यंत पाळ अर्धीच होती. मधल्या काळात चंचलनं अर्जुनी मोरगावच्या मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या एका पोराशी लग्न ठरवलं. ईश्वरदास अक्षता टाकायला आला, जेवला आणि लगेच निघाला.

रिटायरमेंटनंतर छोटेलालचे हात रिकामे झाले, आणि रिकाम्या हातांचा माणूस दिवसभर घरात म्हणजे काय ते शामकलेला पंधरवड्यात समजलं. तिनं आळीत फिरून जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. स्टेशनरीच्या दुकानातून कागदाला भोकं पाडायचा मोठा पंच आणला आणि दोन्ही त्याच्यापुढे आपटले.

"ह्या टिकल्या मोठ्या पडते," छोटेलाल म्हणाला.

"डोळेई म्हातारे झाले ना तुमचे. बरं हाय."

आता दोघं मिळून बसतात. ती भोकं पाडते, तो चिकटवतो, आणि बगळ्याचा पाय कुठून निघतो यावर त्यांचं रोज भांडण होतं. तिचा बगळा बरा येतो. हे त्याला मान्य नाही.

गेल्या दिवाळीत ईश्वरदास आला होता. बंगल्यातला बर्फाचा डोंगर ओलीनं सोलून निघालाय, हे त्याच्या ड्रायव्हरकडून सगळ्यांना कळलेलंच होतं. तो बैठकीत शिरला, भिंतीकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलण्यासाठी त्यानं घसा साफ केला. शामकलेनं चहाचा कप तिपाईवर ठेवला, त्याची खुर्ची उचलली आणि भिंतीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून मांडली.

"इकडं बसा," ती म्हणाली. "इकडून स्टेशन दिसते."